दोराला सहा माणसं

९ फेब्रुवारी

वर काय लिहायचं यातच सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, नुसतं नाव घातलं तर नोटीस वाटेल. म्हणून जागा कोरी सोडली आहे. तुला सोसेल ते घाल.

पत्र मिळालं. लेकीला गणितात चांगले गुण पडले हे आत्याने बकरीलासुद्धा सांगितलं. तू विचारलंस, ‘तिकडे सगळे कसे आहेत?’ ‘तू कसा आहेस?’ असं नाही विचारलंस. मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. असो. सगळे बरे आहेत.

खाली लेकीने लिहिलंय की आपल्याकडे होडी दर वेळी हाताने वर ओढतात हे तिच्या मैत्रिणींना थाप वाटते, तेव्हा बाबांनी नीट लिहून पाठवावं. तुला यातलं काही नवीन नाही, तूही दोराला होतीस. पण तिला वाचून दाखव.

मैत्रिणींनो, या बेटाला बंदर नाही. उभा खडक आहे आणि त्यात कोरलेला एक उतार. होडी पाण्यात बांधून ठेवली तर सकाळपर्यंत तिचं सरपण होतं, म्हणून काम संपलं की ती ओढून वर आणायची. मासे धरायला गेलेलेही उतरले की दोराला लागतात. पाच जण ओढतात आणि सहावा वर खुंटाजवळ उभा राहतो. लाट होडीला उचलते तेवढ्यात ओढायचं. लाट गेली की सहाव्याने खुंटाभोवतीचा वेढा आवळून धरायचा, नाहीतर होडी पाचांनाही घेऊन खाली जाईल. टपालबोट आली तरी हेच. तिचा कप्तान खडकाजवळ येत नाही, मेला तरी येणार नाही. आपण होडी दोरावर खाली सोडायची, बोटीवरचे लोक आकडा टाकून ती बोटीला लावून घेतात, तीत सामान नाहीतर माणूस चढवतात, की आपण परत ओढायची. इथे येण्याजाण्याची दुसरी वाट नाही. ज्याचा हात दोराला त्याचा माशात वाटा. आजारी माणसाचा वाटा घरपोच जातो. बेट सोडलं की वाटा संपला.

आता बेटावर आम्ही सहाच आहोत. मी, आत्या, दाढीकाका, जनरेटर सांभाळणारा इंजिनवाला, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, आणि वहिनीचा भाऊ उंच्या. गेल्या वर्षी वहिनी तापाने पडली तेव्हा आम्ही पाचांत भागवून बघितलं. दाढीकाकांची दोन बोटं गेली. आता चारपर्यंत मोजायला एक हात पुरत नाही, असा ते स्वतःच विनोद करतात.

मैत्रिणींसाठी एवढं पुरे.

तू गेलीस तेव्हा आपण दोराला सात होतो. मी त्या दिवशी उतारावर सगळ्यांदेखत काय म्हणालो ते मला आठवतं. ‘सात आहोत म्हणून तुला जाता येतंय, हे विसरू नकोस.’ तू विसरली नसशील. पण वाक्य खरं होतं, एवढं तरी मान्य कर. तू गेल्यावर मी आलो असतो तर पाच उरले असते. यात माझी इच्छा काय हा प्रश्नच येत नाही.

(हे शेवटचं वाक्य रोजनिशीतही लिहिलं होतं. तिथे खोडलं. इथे राहू दे.)


२ एप्रिल

बातमी आहे. विंच मंजूर झालं.

तू माझ्या अर्जांना ‘सरकारी बंबाचं जळण’ म्हणायचीस. बघ, एक जळायचा राहिला. होडी ओढणारं, मोटरवर चालणारं यंत्र, पोलादी तार. उन्हाळ्यात येऊन बसवणार आहेत. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा इंजिनवाला म्हणाला, ‘मास्तर, यात डिझेल कोण देणार ते लिहिलंय का?’ लिहिलं होतं. तरी त्याने दोनदा वाचायला लावलं.  वहिनी उंच्याकडे बघत होती आणि उंच्या बाहेर समुद्राकडे.

शाळेची खोली यंत्राच्या सामानासाठी रिकामी करायची आहे. फळ्यावर लेकीच्या अक्षरात अजून एक अर्धवट भागाकार आहे. एकाच मुलीची शाळा. तिच्या बापाने घंटा वाजवायची आणि तिने धावत येऊन रांगेत उभं राहायचं. तू म्हणायचीस, ‘तिला रांग म्हणजे काय ते तरी कळू दे.’ मला तेव्हा तो टोमणा वाटला होता. आता वाटतं, तुला खरंच तेवढंच हवं होतं.

आणखी एक. यंत्र आलं की सहा माणसं लागणार नाहीत. तू हे वाचून लगेच पुढचं विचारशील, म्हणून आधीच सांगतो, आधी ते येऊ दे.


१८ जून

आलं. टपालबोटीमागून तराफ्यावर आलं आणि ते वर घ्यायलाच आमचा दिवस गेला. दोरावरची आमची शेवटची मोठी ओढ ती. आत्या धापा टाकत म्हणाली, ‘जावयाला सासऱ्यानेच खांद्यावरून आणायचं म्हणजे काय.’

बसवायला आलेला साहेब तिशीचाही नसेल. नम्र मुलगा. हिरवं बटण, लाल बटण, खाली-वर करायचा एक दांडा. दांडा खाली करून हिरवं दाबलं की होडी उतरते, लाल दाबलं की जिथल्या तिथे थांबते. हात सोडून कुठे जायचं नाही, लाट बघत उभं राहायचं. त्याने आत्याला बटण दाबायला लावलं. होडी गुरगुरत वर आली. कोणी ‘ओढ’ म्हटलं नाही, कोणी धरलं नाही. आम्ही सहा जण रिकाम्या हातांनी बाजूला उभे. मला एखाद्याच्या घरी आगंतुक गेल्यासारखं वाटलं.

साहेब हात पुसत म्हणाला, ‘झालं. आता वर एक माणूस असला की पुरे. बाकीच्यांनी हवं ते करावं.’

दाढीकाका म्हणाले, ‘हवं ते म्हणजे काय काय, त्याची यादी आहे का साहेब?’

सगळे हसले. यंत्राचा माणूस म्हणून कागदावर कोणाचं नाव घालायचं असं त्याने विचारलं. माझं घातलं. हवामानाच्या नोंदी मीच घेतो, लिहायचं-वाचायचं कामही माझ्याकडेच, त्यामुळे ते ओघानेच झालं.


११ जुलै

उंच्या गेला. त्याने कोणाला विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही उरलं नव्हतं. मीच बटण दाबून त्याला खाली सोडला. होडीतून म्हणाला, ‘सर, तुम्ही भूगोल शिकवायचात ना, त्यातलं थोडं बघून येतो.’ माझा विद्यार्थी. मला अभिमान वाटायला हवा होता.

आठवड्याने इंजिनवाला आणि वहिनी निघाले. जनरेटर कसा चालू करायचा ते त्याने मला शिकवलं. शिकवताना माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, ‘इतकी काय घाई? आता कुठे सुखाचे दिवस आले. होडीला कष्ट नाहीत, मासे तेवढेच, वाटेकरी कमी.’

तो काही बोलायच्या आत वहिनी पुढे झाली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. त्याच दिवशी रोजनिशीत उतरवून ठेवलं होतं, म्हणजे माझ्या सोयीने बदलायला नको.

‘भावजी, राग मानू नका. आम्हाला चार वर्षांपूर्वीच जायचं होतं. यांच्या मामाने काम बघून ठेवलं होतं. पण दोर. मग तुमची बायको पोरीला घेऊन गेली आणि तुम्ही राहिलात. दोरासाठी राहिलात. मग आम्ही कुठल्या तोंडाने जायचं? ज्याने दोरासाठी स्वतःचं घर मोडलं त्याच्यासमोरून आपलं गाठोडं घेऊन जायचं? माझा भाऊ इथे तरणाताठा वाळत बसला तो तुमच्याकडे बघून. रोज म्हणायचा, सर जात नाहीत तर मी कसा जाऊ.’

मी म्हटलं, ‘पण मी तर तुमच्यासाठी राहिलो होतो. मी गेलो असतो तर तुम्ही पाच...’

‘आम्ही पाच जण दुसऱ्या दिवशी गेलो असतो,’ ती म्हणाली. ‘देवाचे आभार मानून गेलो असतो.’

इंजिनवाला म्हणाला, ‘चल गं, लाट बरी आहे.’

मी त्यांनाही खाली सोडलं. वहिनीने खालून हात केला. तिच्या मनात काही नव्हतं हे मला कळतं. तेच जास्त लागलं. रागाने बोलली असती तर रागाचं म्हणून सोडून देता आलं असतं.

तू यातलं किती ओळखून होतीस? जाताना तू वहिनीच्या घरी बराच वेळ बसली होतीस. मला वाटलं होतं निरोप घेतेयस.


२० ऑगस्ट

तुझं पत्र. या वेळी चार ओळी नाहीत, पूर्ण पान आहे, आणि मला त्या चार ओळी बऱ्या होत्या असं वाटतंय.

म्हणजे लेकीला तिकडे लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला प्रवेश मिळाला. तू तिच्याबरोबर जाणार. सप्टेंबर संपला की खोली सोडणार. ‘त्याआधीच्या बोटीने आलास तर तिघं जाऊ. नाही आलास तर मी नवा पत्ता पाठवणार नाही. हे रागाने लिहीत नाही. पत्रांची वाट बघताना लेक दर वेळी जिन्यावर जाऊन बसते, ते मला आता बघवत नाही.’ आणि खाली, ‘आता दोर नाही ना?’

नाही. आता दोर नाही.

दाढीकाकाही गेले. मुलीकडे. त्यांना मी थांबा म्हणालो नाही, मला वाटलं ते थांबतीलच. गाठोडं होडीत टाकून म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही म्हणाल म्हातारा पळाला. पण मी मेलो तर तुम्ही आणि तुमची आत्या मला उचलणार कसे? तिथे विंच चालत नाही.’ मग यंत्राच्या पत्र्यावर तीन बोटांनी टकटक केलं. ‘फार चांगलं यंत्र आणलंत हो. एवढी वर्षं वाट पाहिली त्याची.’ टोमणा होता की शाबासकी, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आत्या आणि मी उरलो आहोत. संध्याकाळी दोन घरांना दिवा. आत्या म्हणते, ‘दोन कशाला? एकाच घरात बसू, डिझेल वाचेल.’ पण मी माझ्या घरी दिवा लावतो. तो कोणाला दिसावा हे मला माहीत नाही.


८ सप्टेंबर

येतो.

एवढंच लिहून पाकीट बंद करायचा विचार होता. पण तू म्हणशील, यात लपवलंय काय. तर लपवलेलं सांगतो.

जूनमध्ये मी लिहिलं होतं की यंत्राचा माणूस म्हणून माझं नाव ‘ओघाने’ आलं. आलं नाही. साहेब विचारत असतानाच इंजिनवाला ‘मी’ म्हणायला तोंड उघडत होता. यंत्र त्याचंच काम होतं. त्याच्याआधी मी बोललो. साहेब अजून प्रश्न पुरता करत होता. का बोललो? रोजनिशीत या एका प्रश्नावर पानंच्या पानं आहेत, आणि सगळी उत्तरं सुबक आहेत. म्हणून एकही खरं वाटत नाही. मला एवढंच दिसतं की दोर जातो आहे म्हटल्यावर मी लगेच दुसरी कसली तरी दोरी शोधली.

मी शहरात काय करणार याची मला भीती वाटते, हे तू न विचारता सांगतो. इथे मी मास्तर आहे, हवामान आहे, अर्ज आहे, खुंटावरचा माणूस आहे. तिथे तुझ्या खोलीत तू कामावर गेल्यावर मी खिडकीशी बसेन आणि शेजारी विचारतील, ‘हे काय करतात?’ सत्तेचाळिसाव्या वर्षी पदवीचा कागद घेऊन कोणासमोर उभं राहायचं?

पण येतो. आत्याशी बोललो. म्हटलं, ‘तूही चल.’

‘आधी तू जा,’ ती म्हणाली.

‘आणि तू इथे एकटी?’

‘मला बटण दाबता येतं. त्या साहेबाने मलाच पहिलं दाबायला लावलं होतं. सामान आलं की होडी सोडेन, वर घेईन. बकऱ्या आहेत. एकटी म्हणजे काय, लग्न मी केलं नाही, मला सवय आहे.’

तुला दिसतंय ना पेच? होडी खाली सोडायला वर कोणीतरी हवंच. दोघांना एकदम जाता येत नाही. जो मागे राहील तो राहीलच. सामान रिकाम्या होडीतून येईल, हवामानाच्या नोंदींचा पगार येईल, टपाल येईल. फक्त त्या माणसाला जाता येणार नाही. त्याला न्यायचं तर आधी दुसऱ्या कोणीतरी इथे राहायला यावं लागेल, आणि इथे राहायला कोण येतं?

आत्या म्हणते ती राहील. तिने मला वाढवलं. आई गेल्यावर मला पाठीशी बांधून ती दोर ओढायची, असं दाढीकाका सांगायचे. तिला असं मागे ठेवून येणं बरोबर नाही. तरी येतो. हे बरोबर नाही हे कळून येतो, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेव.

२४ तारखेची बोट. लेकीला जिन्यावर बसायला सांग.


२४ सप्टेंबर

यंत्राच्या शेडमध्ये बसून हे लिहितो आहे. टपालबोट बाहेर उभी आहे आणि तिचा कप्तान शिट्टीवर शिट्टी देतो आहे. होडी उतारावर तयार आहे. तीत आत्या बसली आहे.

मी बसलो होतो, हे आधी सांगतो. पेटी होडीत ठेवली, दाराला कडी घातली, हवामानाच्या नोंदी आत्याला समजावल्या. मी बसलो आणि तिने बटण दाबलं. होडी उतारावरून सरकू लागली. वर बघितलं तर ती दोन्ही हात दांड्यावर ठेवून लाटेकडे बघत होती, अगदी नीट, साहेबाने सांगितलं तसं. दातांत जीभ धरून. ती एवढीशी दिसत होती.

मी ओरडलो, ‘थांबव!’

तिने लाल दाबलं. मी उडी मारून खडकावर आलो आणि हातापायांवर वर चढलो. म्हटलं, ‘तुला एकटीला सोडून मी कसा जाऊ?’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती जवळ घेईल. लहानपणी घ्यायची.

‘माझं नाव पुढे करू नकोस,’ ती म्हणाली. ‘आधी दोराचं केलंस. मग यंत्राचं. आता माझं. मी काय खुंट आहे?’

मी काहीतरी बोललो. कर्तव्य वगैरे शब्द होते त्यात, असं मला आठवतं.

‘तुझी बायको जाताना मला म्हणाली होती, आत्या, चला माझ्याबरोबर. ठाऊक आहे तुला? मी म्हटलं, दोराला कमी पडतील गं. तेव्हा जायला हवं होतं. माझी इथे राहायची इच्छा आहे, हे तुला कोणी सांगितलं? तू विचारलंस कधी? दोन वर्षं पोरीला डोळ्यांनी पाहिलं नाही मी.’

‘मग तूही चल असं मी म्हणालो होतो की.’

‘म्हणालास. दोघांना जाता येत नाही हे माहीत असताना म्हणालास. तसं म्हणायला काय जातं?’ मग तिने दांडा सोडला. ‘मी तुला जायला दिलं होतं रे. बटण मी दाबलं होतं. तू उतरलास.’

ती शेडमध्ये गेली आणि आधीच बांधून ठेवलेलं एक गाठोडं घेऊन आली. ते कधी बांधलं होतं हे मी विचारलं नाही. बकऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. माझी पेटी होडीतून काढून खडकावर ठेवायला मला लावली आणि माझ्या जागेवर बसली.

मी म्हटलं, ‘आत्या, मग मला खाली कोण सोडणार?’

‘ते तू मला लाल बटण दाबायला लावण्याआधी विचारायचं,’ ती म्हणाली. ‘अजूनही तू बसतोस तर मी उतरते. बोल.’

 कप्तानाने शिट्टी दिली. मी तिला, ‘थोडं थांब, पत्र देतो,’ म्हणालो आणि इथे येऊन बसलो.

तू विचारशील, मी होडीतून उतरलो ते तिची दया येऊन की स्वतःच्या भीतीने. इतकी वर्षं रोज संध्याकाळी स्वतःला तपासत आलो आणि आज गरज पडली तेव्हा मला सांगता येत नाही. एवढं सांगतो की वर चढत असताना मला हायसं वाटत होतं. आत्याने ते बघितलं असणार.

लेकीला, ‘बाबा यंत्रामुळे अडकले,’ असं सांगू नकोस. तिला लगेच कळेल. जे तुला खरं वाटतं ते सांग. नव्या पत्त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आत्या ओरडते आहे, ‘पत्र लिहितोयस की पोथी?’ आटोपतो. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडे बसत जा. चहात साखर जास्त लागते, कमी घातली तर बोलणार नाही पण कप तसाच ठेवेल. रात्री खिडकी उघडी हवी असते.

आणि बाहेर पडताना तू स्वतः बरोबर जा, तिला एकट्या लेकीबरोबर पाठवू नकोस. जाल तेव्हा हात धरून ठेवा. आत्याने आयुष्यात कधी रस्ता ओलांडलेला नाही.